बेंदराच्या बैलावर जू

माझ्या वडिलांना सलग बोलताना मी पहिल्यांदा ऐकलं, ते दुसऱ्याच माणसाशी. मी पन्नाशीला आलो होतो. स्वयंपाकघराच्या दारात चहाचे कप घेऊन उभा होतो आणि बाहेर सोप्यात अण्णा बोलत होते. हातवारे करत, मांडीवर थाप मारत, मध्येच हसत. चहा निवला तरी मी बाहेर गेलो नाही. मी गेलो तर ते थांबतील अशी भीती होती. शिवाय समोर बसून ऐकणाऱ्या त्या माणसाचा मला इतका मत्सर वाटत होता, की त्याला माझा चेहरा दिसू नये असं वाटलं.

तो माणूस म्हणजे आमच्या शाळेतले चित्रकलेचे सर.

संस्थेने त्यांना वाईहून आमच्याकडे बदलून पाठवलं तेव्हा त्यांच्या नोकरीची शेवटची काही वर्षं उरली होती. आमचं गाव इस्लामपूरजवळ, कृष्णाकाठी. चहूकडे ऊस. अशा गावात हा माणूस बिनसाखरेचा चहा प्यायचा आणि वर सांगायचा, "गोडानं जीभ सुस्त होते, गुरुजी." त्यांच्या लेखी सगळेच गुरुजी. मुख्याध्यापक गुरुजी, शिपाई गुरुजी, एसटीचा कंडक्टरही गुरुजी. शर्टाच्या खिशात कायम गेरूचा खडा असायचा. त्यामुळे त्यांचे झाडून सगळे शर्ट डाव्या बाजूला तांबडे झाले होते. लांबून पाहणाऱ्याला वाटावं, या माणसाच्या छातीला काही लागलंय की काय.

वर्गात खोडरबर आणायला बंदी. सापडलेली खोडरबरं ते बिस्किटाच्या डब्यात टाकत आणि पालकसभेला एकेक परत करत. "सांभाळा हे. पोराच्या हाताला लागू देऊ नका." पालक गोंधळून माझ्याकडे बघत. मी इतिहास शिकवतो. गावातल्या गावात मला जरा वजन आहे, निदान तेव्हा तसा माझा समज होता. मी डोळ्यांनीच पालकांना सांगायचो, सोडून द्या, विक्षिप्त आहेत.

त्यांचा गृहपाठ तर भलताच. "घरी जाऊन आजीच्या चुलीचं चित्र काढायचं. त्यात एक गोष्ट मुद्दाम चुकवायची. मग ते चित्र आजीला दाखवायचं आणि बोलणी खाऊन यायचं." दुसऱ्या दिवशी वर्गात हजेरी घ्यावी तशी चौकशी व्हायची, कुणी किती बोलणी खाल्ली.

एकदा त्यांच्या वर्गावरून जाताना मी ऐकलं. एक मुलगी उभी होती. "सर, आजी म्हणाली, तुज्या मास्तरालाच चुलीत घाल."

"वा! दहापैकी नऊ."

"एक कुटं गेला, सर?"

"चुलीचं तोंड कुणीकडं होतं ते नाही विचारलंस. मला घालायचं कुठल्या बाजूनं?"

वर्ग खदखदला. मी पुढे निघून गेलो. माझ्या तासाला असं कुणी हसत नाही, हे मला जिन्यात आठवलं.

त्यांची पद्धत मला बेंदराच्या, म्हणजे आमच्याकडच्या बैलपोळ्याच्या, सुमारास नीट कळली, तीही माझ्याच घरात.

अण्णा सैन्यात ड्रायव्हर होते. निवृत्त होऊन आले, शेती केली, आता ऐंशीच्या घरात आहेत. जन्मभर मोजकं बोलले. "आलास?" "जेवलास?" "पाणी सोडलंस का उसाला?" आमचं बोलणं एवढंच. मी शाळेत स्थानिक इतिहासाचा उपक्रम सुरू केला, तेव्हा मनातून तो अण्णांसाठीच होता. प्रश्न तयार केले, मोबाइल रेकॉर्डिंगला लावून त्यांच्यासमोर ठेवला आणि विचारलं, "अण्णा, सैन्यातले अनुभव सांगा."

अण्णा मोबाइलकडे बघत बसले. मग म्हणाले, "काय सांगायचं त्यात? नोकरी केली. पेन्शन आली. झालं."

ते रेकॉर्डिंग अजून माझ्याकडे आहे. बाकी सगळा पंख्याचा आवाज.

मला खरं तर सैन्यातलं काही ऐकायचं नव्हतं. एकच गोष्ट ऐकायची होती, आणि ती मला विचारता येत नव्हती.

मी तीनेक वर्षांचा असताना आई मला घेऊन नदीपलीकडे माहेरी गेली होती. अण्णा सुट्टीवर आले ते ट्रंक घेऊन थेट माझ्या आजोळीच. बेंदराला सगळ्यांनी आपल्या घरी असावं म्हणून आम्हाला घेऊन निघाले, तर कृष्णा दुथडी भरलेली. तेव्हा पूल नव्हता. अशा वेळी आमच्याकडे माणसं काईलीतून नदी ओलांडत. काईल म्हणजे गुऱ्हाळावर रस आटवायची ती भलीमोठी लोखंडी कढई. माणसं आत बसवायची आणि पोहणाऱ्या गड्यांनी ती ढकलत न्यायची. आई ही गोष्ट सांगायची तेव्हा शेवटी नेहमी म्हणायची, "एवढा पूर, आणि हे आपले सारी वाट ट्रंक कवटाळून बसलेले!" आणि हसायची.

मी कधी हसलो नाही. ट्रंक अण्णांच्या कवेत होती, तर मी कुठे होतो? आईने सांगितलं नाही, मी विचारलं नाही. मनानेच ठरवून टाकलं, की असेन कुठेतरी बाजूला. ती काळी ट्रंक, तिच्यावर पांढऱ्या रंगात अण्णांचं नाव, आजही आमच्या माळ्यावर आहे. मोठा झालो, शिक्षक झालो, बाप झालो, तरी त्या ट्रंकेचा हेवा काही गेला नाही. आपल्या पोरापेक्षा माणसाला ट्रंक का जवळची वाटावी, हे मला अण्णांच्या तोंडून ऐकायचं होतं. आई गेल्यावर तर ते सांगणारं दुसरं कुणी उरलंच नाही.

अशा घरात चित्रकलेचे सर एका सकाळी कागदाची गुंडाळी घेऊन आले. माझ्याकडे त्यांनी पाहिलंही नाही. सोप्यात अण्णांच्या शेजारी बसले आणि चित्र उलगडलं. "मालक, बेंदराचं काढलंय. बघा बरं जमलंय का." म्हाताऱ्या माणसांना ते गुरुजी म्हणत नसत, मालक म्हणत.

चित्र सुरेख होतं. वेशीतून निघालेली बैलजोडी, शिंगांना बेगड, अंगावर झूल. मी लांबून म्हणालो, "छान आहे, सर."

अण्णांनी चष्मा लावला. बराच वेळ बघितलं. आणि एकदम कडाडले, "आवं, बेंदराच्या दिशी बैलाच्या मानंवर जू? कुठल्या गावचं तुमी?"

"का, मालक? नसतं होय?"

"न्हाई! वरीसभर वढतंय ते जनावर. त्या दिशी दावंसुदिक सैल बांधायचं. आदल्या दिशी खांदामळणी आसती. म्हाईत हाय का?"

"नाही बुवा."

"मग काय म्हाईत हाय? लोणी हळद घिऊन खांदा मळायचा. माजा बा मळायचा तवा बैल डोळं मिटायचा..."

आणि मग अण्णा थांबलेच नाहीत. माझे आजोबा, ज्यांना मी पाहिलंही नाही, ते बैलाच्या कानात काय पुटपुटायचे ते मला त्या दिवशी कळलं. स्वयंपाकघराच्या दारातून.

सर निघाले तेव्हा मी फाटकापर्यंत गेलो. म्हणालो, "सर, शेतकऱ्याच्या पोरालाही कळतं की बेंदराला जू नसतं."

"कळतं की. दोन तास लागले ते जू नीट बसवायला," ते म्हणाले. "बरोबर चित्राला म्हातारी माणसं छान म्हणतात आणि विषय संपतो, गुरुजी. चुकलेल्या चित्राला उठून बसतात."

छान मी म्हणालो होतो. ते त्यांनी ऐकलं होतं.

त्यानंतर ते येतच राहिले. कधी मोट, कधी गुऱ्हाळ, कधी सैन्याच्या ट्रकचं चाक. दर वेळी एक चूक, दर वेळी अण्णा लालबुंद, आणि मग गोष्ट. चूक दुरुस्त करताना सर मूळ रेघ खोडत नसत. तिच्यावरच गेरूने बरोबर रेघ ओढत. दोन्ही दिसायला हव्यात, हा त्यांचा हट्ट.

मी काय केलं ते सांगायला लाज वाटते, पण सांगतो. मीही चुकून पाहिलं. एका संध्याकाळी अण्णांसमोर बसलो आणि सहज बोलल्यासारखं म्हणालो, "अण्णा, बेंदूर दिवाळीनंतर असतो, नाही का?"

अण्णा माझ्याकडे बघत राहिले. "तब्येत बरी हाय न्हवं तुजी?" म्हणाले आणि आत जाऊन सुनेला सांगून आले, ह्याला जरा काढा दे.

माझी मुलगी सई सांगलीला कॉलेजात शिकते. ती शाळेत सरांची विद्यार्थिनी होती. सुट्टीच्या दिवशी घरी यायची ती दप्तर टाकून सरांबरोबर बाहेर पडायची, त्यांच्या मोपेडवर मागे बसून, मांडीवर कागदांची गुंडाळी घेऊन. कुणाच्या अंगणात, कुणाच्या पारावर. परत आल्यावर जेवताना सरांकडून आजोबांबद्दल ऐकलेलं सांगायची, "बाबा, आबांना ट्रकच्या चाकात साप सापडला होता, माहितेय?" मला माहीत नसायचं. माझ्या बापाची गोष्ट माझ्या मुलीकडून माझ्याकडे यायची, ती त्या तांबड्या शर्टाच्या माणसाकडून वळसा घेऊन. मी मधला माणूस. दोन्हीकडून वगळलेला.

सईनेच एकदा सांगलीकडची हकिकत सांगितली. हळदीचे जुने व्यापारी, जैन आजोबा. सरांनी पेवाचं चित्र नेलं होतं. हळद साठवायला जमिनीत खोल खड्डे खणत, ते पेव. चित्रात पेवाचं तोंड उघडलंय आणि लगेच गडी आत उतरतोय. आजोबा ओरडले, "आरं, मारतोस का माणूस! आत वारं कोंडलेलं आसतंय. आदी कंदील सोडायचा, तो पेटता ऱ्हायला तर माणूस सोडायचा."  मग डोळ्याला धोतर लावलं. त्यांच्या तरुणपणी कुणीतरी घाई केली होती.

"मग सर काय म्हणाले?" मी विचारलं. मला वाटतं, त्या क्षणी मला ते चुकले असं ऐकायचं होतं.

"काहीच नाही. कागद गुंडाळला. आजोबांचा हात धरून बसले. ते चित्र ते कधीच रंगवणार नाहीत, बाबा."

यातही त्यांच्याबद्दल वाईट म्हणण्यासारखं मला काही सापडलं नाही. त्याचाच राग आला. शिक्षकांच्या खोलीत मी त्यांच्याविषयी एवढंच म्हणायचो, "हे काही इतिहासाचं साधन नव्हे." माझी मान हलायची, बाकीच्यांचीही हलायची. ते खिडकीत उभे राहून बिनसाखरेचा चहा प्यायचे.

निवृत्तीच्या वर्षी त्यांनी शाळेची रस्त्याकडची भिंत मागून घेतली आणि गावाने सांगितलेलं सगळं तिच्यावर उतरवायला घेतलं. कामाला लागलेला तो माणूस पाहण्यासारखा असायचा. डोक्याला टॉवेल, पाय अनवाणी. येणाराजाणारा सायकल थांबवून चुका काढायचा आणि सर शिडीवरून ओरडायचे, "खाली तुमचं नाव घालू का, गुरुजी?" उन्हाळ्याच्या सुट्टीआधी भिंत पुरी झाली. सरांनी निरोप पाठवला, मालकांना घेऊन या.

मी अण्णांना मोटारसायकलवर बसवून नेलं. सईने ऑफिसातली खुर्ची आणून भिंतीसमोर ठेवली. सकाळची वेळ होती, रस्त्यावर फारसं कुणी नव्हतं. अण्णा खुर्चीतून भिंत बघत होते, मान हळूहळू फिरवत. बेंदूर होता, पुसट जू आणि त्यावर गेरूने मोकळी मान. मोट होती. गुऱ्हाळ होतं.

आणि शेवटी पूर होता.

तपकिरी पाणी, काईल, तिला ढकलणारे दोन पोहणारे. काईलीत डोक्यावर पदर घेतलेली बाई, ती माझी आई. तिच्यासमोर खाकी शर्टातला तरुण माणूस. त्याच्या मांडीवर एक लहान मूल, दोन्ही हातांनी घट्ट धरलेलं. ट्रंक बाजूला.

मी ओरडलोच. "हे चूक आहे!"

सर ब्रश धूत होते. त्यांनी वळूनही पाहिलं नाही. "काय चुकलं, गुरुजी?"

"मी मांडीवर नव्हतो. मांडीवर ट्रंक होती. अण्णांनी सारी वाट ट्रंक धरली होती. आई सांगायची. मला नव्हतं धरलं."

शेवटचं वाक्य बोलायचं नव्हतं. ते पन्नास वर्षं आत होतं, ते बाहेर पडलं. सई माझ्याकडे बघत होती. माझा आवाज भलताच बारीक झाला होता, तीन वर्षांच्या पोरासारखा.

अण्णा खुर्चीत पुढे सरकले.

"ट्रंक व्हती मांडीवर, खरं हाय," ते म्हणाले. "पर ट्रंकेत कोण व्हतं?"

मी भिंतीवरच्या ट्रंकेकडे वळून पाहिलं.

"आरं, तू एका जागी बसत व्हतास व्हय? सारखा उटायचास. पाण्यात हात घालाय बघायचास. एक डाव कलली आसती काईल तर समदीच गेलो आसतो. म्हनून कापडं काडली काटावर, गठूळं बांधून तुज्या मामाकडं दिली, आन तुला घातला ट्रंकेत. झाकान उगडंच, माज्या छातीला टेकवलेलं. दोनी हातानं आवळून धरली ट्रंक. पार काटाला लागस्तोर हात सोडला न्हाई म्या. दोन दिस बोटं सरळ हुईनात." त्यांनी हात वर करून बोटं दाखवली, जणू अजून सरळ होत नव्हती. "तुजी आई हसायची मला. म्हनायची, मिलिटरीनं सामान दिलंय, सांभाळा."

म्हणजे आई त्यासाठी हसायची.

"मला कधी सांगितलं नाही तुम्ही," मी म्हणालो.

"तू कवा इचारलंस?"

सरांनी खिशातून गेरूचा खडा काढून माझ्यापुढे धरला. "घ्या. दुरुस्ती तुमची आहे."

मला साधी सरळ रेघ येत नाही. त्या मुलाभोवती मी एक चौकोन काढला. वाकडा, एका बाजूने उघडा. तो अजून भिंतीवर आहे. जाणारेयेणारे विचारतात, हे काय आहे, पाळणा?

अण्णांना सईबरोबर सावलीत बसवून मी सरांकडे गेलो. "तुम्हाला हे माहीत होतं?"

"होतं."

"केव्हापासून?"

"पहिल्या बेंदरापासून. मालक त्या दिवशीच बोलले."

माझ्याच घराच्या सोप्यात, मी निवलेला चहा घेऊन दारात उभा असताना, केव्हातरी ते बोलून गेले असणार. त्या वेळी मी बहुधा चहा गरम करायला आत वळलो होतो. माझ्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट इतके दिवस या माणसाच्या तांबड्या खिशात पडून होती.

"मग मला सांगितलं का नाही?"

सरांनी ब्रश झटकला. "मी सांगितलं असतं तर तुम्ही छान म्हणाला असता, गुरुजी."

मी त्यांचे आभार मानायला हवे होते. मानले नाहीत. अजून मानलेले नाहीत, आणि हे लिहितानाही मनात आभाराच्या आधी ती दुसरीच भावना उभी राहते. बापाने मला दोन्ही हातांनी धरलं होतं, हे मला कळलं. पण माझ्या आधी ते त्यांना कळलं.

सर आता वाईला असतात, आपल्या घरी. सई अधूनमधून एसटीने जाऊन येते. म्हणते, तिथे घाटावर बसून म्हाताऱ्यांना चुकीची चित्रं दाखवत असतात आणि शिव्या खात असतात. मला तिथला, न पाहिलेला कुणीतरी माझ्या वयाचा माणूस दिसतो. आपल्या बापाला परक्याशी बोलताना दारातून ऐकणारा. त्याला काय होत असेल ते मला ठाऊक आहे.

सर गेल्यावर अण्णा पुन्हा मिटतील असं मला वाटलं होतं. एका संध्याकाळी मी धीर करून त्यांना म्हणालो, "अण्णा, ते सर मुद्दाम चुका करायचे, तुम्हाला बोलतं करायला. तुम्हाला कळलं नसेल."

अण्णा हसले. "मला कळत न्हवतं व्हय? बेंदराला जू कोन घालतंय रं? बारकं पोरगंसुदिक घालनार न्हाई."

"मग बोलायचात कसे?"

"आता माज्यासाठी येवडी म्हेनत घिऊन कोन चुकतंय, गड्या?"

त्या रात्री मी नीट जेवलो नाही. माझे प्रश्न बरोबर होते, सगळे. त्यांच्यामागे मेहनत नव्हती.

परवा मी इस्लामपुरातून चित्रकलेचे कागद आणि पेन्सिली आणल्या. दुपारभर दार लावून बसलो. बेंदराचा बैल काढला. मुद्दाम काय चुकवायचं हे ठरवायची गरजच पडली नाही. कागद घेऊन सोप्यात गेलो. अण्णा कॉटवर आडवे होते. त्यांनी पडल्या पडल्या चष्मा लावला.

"ह्यो बैल हाय?"

"होय."

"मग ही च्यार शिंगं कशाची?"

"त्यातले दोन कान आहेत, अण्णा."

अण्णा उठून बसले.